कोलंबोने न विचारलेला प्रश्न

पडद्यावरचा गुप्तहेर कोणाला आवडत नाही? १९९८ साली सुरू झालेली ‘सी. आय. डी.’ ही मालिका आणि तिच्यातले शिवाजी साटम यांचे ए. सी. पी. प्रद्युम्न तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असतील. अशा मालिकेत खून प्रथम होतो आणि खुनी कोण हे अगदी शेवटी कळते. अमेरिकेत मात्र एक मालिका अशी होऊन गेली, की तिच्यात खुनी कोण, त्याने खून कसा केला आणि तो लपवण्यासाठी कोणत्या युक्त्या योजल्या, हे सारे प्रेक्षकांना सुरुवातीलाच दाखवून टाकीत. मग उरते काय? उरतो तो एवढाच प्रश्न, की चुरगळलेला रेनकोट घातलेला, विसरभोळा वाटणारा एक पोलीस अधिकारी या हुशार माणसाला पकडणार तरी कसा! त्या अधिकाऱ्याचे नाव लेफ्टनंट कोलंबो.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने हे पात्र निर्माण केले. १९६८ साली कोलंबोचा पहिला दूरचित्रवाणीपट दाखवला गेला. १९७१ ते १९७८ अशी मालिका चालली, मग मोठा खंड पडला, १९८९ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि शेवटचा भाग २००३ साली आला. एकूण भाग ६९. खुनी आधी दाखवण्याची ही उलटी रीत मात्र त्याहून जुनी आहे. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ सालच्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात ती वापरली होती. फ्रीमन शिक्षणाने डॉक्टर होता आणि कथेत घालायचे शास्त्रीय प्रयोग आधी स्वतः करून पाहण्याबद्दल त्याची ख्याती होती. हे जरा लक्षात ठेवा.

कोलंबोची भूमिका करणारे नट पीटर फॉक यांचा उजवा डोळा ते तीन वर्षांचे असतानाच शस्त्रक्रिया करून काढावा लागला होता. त्या जागी काचेचा डोळा होता. त्यामुळे त्यांची नजर किंचित तिरकी दिसे, आणि समोरचा माणूस आपल्याकडे पाहतो आहे की भलतीकडेच, असा खुन्याला नेहमी घोर पडे! पण कोलंबोचे खरे हत्यार निराळेच. सगळी चौकशी संपवून तो निघतो, दारापर्यंत जातो, खुनी सुटकेचा श्वास टाकतो, आणि तेवढ्यात कोलंबो कपाळाला हात लावून परत फिरतो. आणखी एकच गोष्ट विचारायची राहिली, म्हणतो. ती एकच गोष्ट म्हणजे नेमके वर्म असते.

असा हा माझा आवडता गुप्तहेर. त्याच्या एका भागाने माझी फार निराशा केली. आणि त्या निराशेला माझी स्वतःचीच एक चूक कारणीभूत आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

वर्गात सांगितलेली गोष्ट

अकरावीच्या वर्गात मी प्रकाश आणि डोळा हा भाग शिकवीत होतो. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे असतात, प्रत्येक चित्र पडद्यावर क्षणभर थांबते, मग झडप बंद होऊन अंधार होतो, तेवढ्यात फीत पुढे सरकते आणि दुसरे चित्र येते, हे फळ्यावर काढून दाखवले. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई. तेव्हा पडद्याकडे पाठ करून मी यंत्राकडेच पाहत बसे, हेही सांगितले. आणि मग, तास रंगला म्हणून, एक गोष्ट सांगून टाकली.

गोष्ट अशी : १९५७ साली अमेरिकेत एका चित्रपटगृहात एक प्रयोग झाला. चित्रपट चालू असताना पडद्यावर मधूनमधून ‘कोका-कोला प्या’, ‘भूक लागली? पॉपकॉर्न खा’ अशी वाक्ये चमकवली. चमक इतकी अल्पकाळ, सेकंदाचा ३०००वा भाग, की कोणालाच ती दिसली नाही. पण प्रेक्षकांच्या सुप्त मनाने ती वाचली! मध्यंतरात लोक दुकानाकडे धावले. कोका-कोलाचा खप १८.१ टक्क्यांनी आणि पॉपकॉर्नचा, म्हणजे आपल्या मक्याच्या लाह्यांचा, ५७.५ टक्क्यांनी वाढला.

वर्ग अगदी शांत झाला. शिक्षकाला अशी शांतता फार आवडते. तास संपल्याची घंटा झाली, मुले बाहेर पडू लागली, आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी दारापर्यंत जाऊन परत फिरली.

“सर, ते ५७.५ टक्के कशाच्या मानाने? म्हणजे आधी किती लाह्या खपत होत्या? आणि आधीही तोच सिनेमा चालू होता का?”

मला उत्तर देता आले नाही. “पाहून सांगतो,” म्हणालो. गेली कित्येक वर्षे मी ही गोष्ट वर्गात सांगत आलो होतो आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीत कोणी नुसते ‘वाढ ५७.५ टक्के’ लिहून आणले असते, तर मी ती वही परत केली असती!

डबल एक्स्पोजर

ही हकीकत मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा एक सहकारी म्हणाले, “अहो, तुमच्या त्या लाह्यांवर कोलंबोचा एक भाग आहे. पाहा.” मी त्याच रात्री संगणकावर तो भाग पाहिला. नाव ‘डबल एक्स्पोजर’. तो १६ डिसेंबर १९७३ रोजी प्रथम दाखवला गेला होता. लेखक स्टीफन कॅनेल. बऱ्याच रसिकांच्या मते मालिकेतल्या चांगल्या भागांपैकी तो एक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

यातला खुनी आहे डॉ. बार्ट केपेल, लोकांना माल घ्यायला कसे उद्युक्त करावे याचा तज्ज्ञ. नट रॉबर्ट कल्प. आपल्या एका गिऱ्हाईकाचा त्याला काटा काढायचा आहे. तो त्याला एका जाहिरातपटाच्या खासगी खेळाला बोलावतो. खेळाआधी माशांची खारवलेली अंडी खायला घालतो. मग फितीत, चालू दृश्याच्या मध्येच, थंड पेयाची एकेक सुटी चित्रे जोडून ठेवतो. फक्त एकेक चित्र, म्हणजे सेकंदाचा २४वा भाग. ते पाहून त्या बिचाऱ्याला अनावर तहान लागते, तो उठून बाहेर पाणी प्यायला जातो आणि तेथे केपेल त्याला गोळी घालतो. तेवढ्या वेळात पडद्यामागून केपेलचे निवेदन चालूच असते, कारण ते टेपरेकॉर्डरवर आधीच भरून ठेवलेले आहे. सभागृहातले सगळे साक्ष द्यायला तयार, की डॉक्टर बोलत होते!

या भागातली एक लहानशी गोष्ट मला फार आवडली, तिच्यासाठी थोडे थांबतो. पूर्वी चित्रपट अनेक रिळांत येई. एक रीळ संपत आले की ऑपरेटरने दुसरे यंत्र अचूक वेळी सुरू करायचे. त्यासाठी डोळ्यात तेल घालून पाहत राहावे लागे. या भागातला ऑपरेटर एक सोपी युक्ती करतो. तो रिळाच्या शेवटच्या वेढ्यांत एक नाणे सरकवून ठेवतो. फीत तेथपर्यंत उलगडली, की नाणे टणकन खाली पडते. घड्याळ नको की घंटा नको! पुढे या ऑपरेटरचाही खून होतो आणि त्या खुनाच्या वेळेचा हिशेब करताना हेच नाणे कोलंबोच्या कामी येते.

आपणही हिशेब करू. मोठ्या पडद्याच्या ३५ मिलिमीटर फितीवर एका चित्राला १९ मिलिमीटर लांबी लागते. २४ चित्रांना ४५.६ सेंटिमीटर. म्हणजे यंत्रातून दर सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर फीत जाते, आणि ६०० मीटरचे रीळ सुमारे २२ मिनिटांत संपते. आता रिळाच्या गाभ्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर धरा. आतल्या एका वेढ्याची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर होईल, म्हणजे एका वेढ्याला एका सेकंदाहून किंचित जास्त वेळ. आतून ३०व्या वेढ्यात नाणे ठेवले, तर ते पडल्यापासून रीळ संपेपर्यंत किती वेळ मिळेल? फितीची जाडी ०.१५ मिलिमीटर घेऊन काढून पाहा. माझे उत्तर ३४ सेकंद आले.

ज्या लेखकाला नाण्याची ही युक्ती सुचते वा ठाऊक असते, त्याने यंत्राजवळ उभे राहून काम पाहिलेले असणार असे वाटते. म्हणूनच पुढच्या भागाने निराशा केली.

कोलंबोला केपेलचा संशय येतो, पण पुरावा मिळत नाही. केपेलकडच्या पिस्तुलांच्या गोळ्या खुनातल्या गोळीशी जुळत नाहीत, कारण मोठ्या पिस्तुलातून लहान गोळी झाडता यावी असा एक नळीसारखा सुटा भाग त्याने वापरलेला असतो आणि तो आपल्या कचेरीतल्या दिव्यात लपवलेला असतो. मग कोलंबो काय करतो? केपेलचेच पुस्तक वाचतो, केपेलच्या कचेरीत आपण झडती घेत आहोत अशी स्वतःची छायाचित्रे काढून घेतो आणि ती केपेलच्या एका फितीत एकेक करून जोडून देतो. केपेल ती फीत पाहतो, कारण न कळता अस्वस्थ होतो, कचेरीत धावतो, दिव्यात हात घालतो, आणि सापडतो. आपल्याच तंत्राने आपल्याला पकडले, याचे त्याला मोठे समाधान वाटते!

मी वाट पाहत होतो ती कोलंबोच्या नेहमीच्या प्रश्नाची. बूट कोठे घेतला, घड्याळ केवढ्याचे, नाणे का पडले, असे सगळे विचारणारा हा माणूस. तो दारातून परत फिरेल आणि म्हणेल, डॉक्टर, हे तुमचे तंत्र चालते हे तुम्ही कशावरून ठरवले? पण तो प्रश्न त्याने विचारलाच नाही. अगदी माझ्यासारखा तोही पुस्तकात लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवून मोकळा झाला. ऑस्टिन फ्रीमन असता तर फितीचा तुकडा घेऊन आधी आपल्या शेजाऱ्यांना दाखवून आला असता.

४५,६९९ प्रेक्षक

तेव्हा तो प्रश्न आपणच विचारू. १९५७च्या प्रयोगाचा कर्ता जेम्स व्हिकरी हा बाजाराचा अभ्यास करणारा, न्यूयॉर्कमधला एक व्यावसायिक. चित्रपटगृह न्यू जर्सी राज्यातल्या फोर्ट ली या गावातले. सप्टेंबर १९५७ मध्ये त्याने पत्रकारांना बोलावून सांगितले, की सहा आठवडे, ४५,६९९ प्रेक्षकांवर, दर पाच सेकंदांनी एक चमक याप्रमाणे हा प्रयोग केला. या तंत्राला इंग्रजीत ‘सब्लिमिनल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उंबरठा. जाणिवेच्या उंबरठ्याच्या खालून, चोरपावलांनी, मनात शिरलेला निरोप तो सब्लिमिनल.

आकडे किती रुबाबदार आहेत पाहा! ४५,६९९ म्हणजे कोणीतरी एकेक डोके मोजले असणार. ५७.५ म्हणजे दशांशचिन्हापर्यंत हिशेब केला असणार. पण मोठी संख्या म्हणजे तुलना नव्हे. समजा, एखाद्या चित्रपटगृहात रोज लाह्यांची ४० पाकिटे खपत होती आणि नंतर ६३ खपू लागली. ही झाली बरोबर ५७.५ टक्के वाढ. आता ही २३ पाकिटे चमकेमुळे वाढली, की शाळांना सुट्टी लागली म्हणून, की आधीचा चित्रपट रडका होता आणि आताचा सहकुटुंब पाहण्याजोगा म्हणून? हे ठरवण्याचा मार्ग एकच. चित्रपट तोच, आठवडा तोच, आणि चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, की आज चमक चालू ठेवायची की बंद. दुकानदाराला आणि प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही. मग चालू दिवसांचा खप आणि बंद दिवसांचा खप शेजारी मांडायचा. शेवटच्या बाकावरची मुलगी हेच विचारीत होती.

व्हिकरीने असा तक्ता कधी प्रसिद्ध केला नाही. अमेरिकेत मात्र खळबळ उडाली. त्याच वर्षी व्हान्स पॅकार्ड यांचे ‘द हिडन परस्युएडर्स’ हे जाहिरातदारांच्या मानसशास्त्रीय युक्त्यांवरचे पुस्तक आले होते. आपल्या मनावर कोणी चोरून ताबा मिळवील, ही भीती लोकांना वाटत होतीच, तिला आता आकडे मिळाले.

१९५८ साली कॅनडाच्या सी. बी. सी. या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने एक छान परीक्षा घेतली. अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमात ‘आता टेलिफोन करा’ असा निरोप ३५२ वेळा चमकवला. टेलिफोनची संख्या वाढली नाही. मग प्रेक्षकांना सांगितले, की कार्यक्रमात एक निरोप दडलेला होता, तो कोणता ते लिहून कळवा. शेकडो पत्रे आली. बरोबर उत्तर एकाचेही नव्हते! उलट अनेकांनी कळवले, की आम्हाला एकाएकी भूक लागली, तहान लागली. त्यांनी व्हिकरीची गोष्ट वर्तमानपत्रांत वाचलेली होती, दुसरे काय?

अखेर १९६२ साली ‘ॲडव्हर्टायझिंग एज’ या जाहिरातक्षेत्रातल्या नियतकालिकात व्हिकरीचे म्हणणे छापून आले. हाती असलेली माहिती काही ठरवण्याइतकी नव्हतीच, अशी त्याने कबुली दिली होती. म्हणजे कोलंबोचा भाग निघाला त्याच्या तब्बल अकरा वर्षे आधी ही गोष्ट फुसकी ठरली होती. पण लोक कबुलीपेक्षा मूळ गोष्टच लक्षात ठेवतात. १९७३ मध्ये या विषयावरचे नवे सनसनाटी पुस्तक निघाले. त्याच वर्षीच्या नाताळाच्या हंगामात एका खेळण्याच्या जाहिरातीत ‘हे घ्या’ अशा अर्थाचे शब्द दडवल्याचा बोभाटा झाला, आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने अशा जाहिराती लोकहिताच्या विरुद्ध असल्याचे जाहीर केले. ‘डबल एक्स्पोजर’ नेमका या धामधुमीत दाखवला गेला.

डोळा हे प्रकाशाचे भांडे

आता आपल्या विषयाकडे वळू. सेकंदाच्या ३०००व्या भागात चमकलेले अक्षर डोळ्याला दिसेल का?

पुष्कळांना वाटते, की इतकी अल्पकाळ चमक दिसणे शक्यच नाही. पण फोटो काढताना फ्लॅश उडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो, आणि तो दिसतो म्हणजे काय, आपण डोळे चोळत बसतो! कारण डोळा हा पन्हळीखाली ठेवलेल्या भांड्यासारखा आहे. उजेडाच्या प्रमाणानुसार सेकंदाचा सुमारे दहावा ते तिसावा भाग एवढ्या काळात जितका प्रकाश आला तो सगळा डोळा एकत्र धरतो. धार बारीक आणि बराच वेळ, किंवा धार मोठी आणि थोडा वेळ, भांड्यात पाणी तेवढेच. याला ब्लॉकचा नियम म्हणतात. तीव्रता गुणिले काळ, हा गुणाकार महत्त्वाचा.

व्हिकरीचे यंत्र वेगळे होते. चालू चित्रपटावरच ते अक्षरे टाकीत असे. धरून चाला, की अक्षरांची तीव्रता पडद्यावरच्या चित्राएवढीच आहे आणि डोळ्याचे भांडे सेकंदाच्या २०व्या भागात भरते. तेवढ्या वेळात चित्राचा जो प्रकाश येतो, त्याच्या मानाने चमकेचा प्रकाश किती? १/३००० भागिले १/२०, म्हणजे १/१५०. अक्षरांच्या जागी पडदा शेजारच्या भागापेक्षा फक्त दीडशेव्या हिश्शाने अधिक उजळ वाटेल. एवढा फरक डोळ्याला कळतो का?

हा प्रश्न फ्रान्सच्या पिएर बुगे या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच सोडवून ठेवला आहे. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७६० साली प्रसिद्ध झाला. साधने काय? दोन मेणबत्त्या, एक काठी आणि एक पांढरा पडदा! एक मेणबत्ती पडद्याजवळ ठेवायची, दुसरी दूर. दूरच्या मेणबत्तीमुळे काठीची पडद्यावर फिकट सावली पडते. सावलीच्या जागी फक्त जवळच्या मेणबत्तीचा प्रकाश असतो, सभोवती दोन्हींचा. दूरची मेणबत्ती आणखी मागे नेत गेले, की सावली फिकट होत होत एका जागी नाहीशी होते. बुगेला ही जागा जवळच्या मेणबत्तीच्या आठपट अंतरावर सापडली. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, तेव्हा आठपट अंतरावर तो १/६४ झाला. चौसष्टाव्या हिश्शापेक्षा कमी फरक बुगेच्या डोळ्याला कळत नव्हता.

व्हिकरीचा फरक १/१५० होता, हे वर काढलेच आहे. म्हणजे निरोप सुप्त मनापर्यंत जाण्याची गोष्ट दूरच राहिली. उजळ दृश्यावर तो शेजारच्या प्रकाशापासून वेगळा निघणेच कठीण. मग दिवा दसपट प्रखर करा, असे कोणी म्हणेल. तसे केले की अक्षरे सरळ दिसू लागतील आणि लोक आरडाओरडा करतील. चित्रपटात रात्रीचे दृश्य आले, तर मूळ दिव्यानेही दिसतील. पहिल्या रांगेतल्याला दिसतील, गच्चीवरच्याला दिसणार नाहीत. आजोबांना एक, नातवाला दुसरे. दिसणे आणि न दिसणे यांच्यामधला हा उंबरठा दगडाचा नाही, माणसागणिक आणि क्षणागणिक तो वर-खाली होत असतो. ४५ हजार माणसांच्या उंबरठ्याच्या बरोबर खाली बसेल अशी एकच चमक कोठून आणायची?

केपेलची पद्धत मात्र निराळी आहे, तिला न्याय द्यायला हवा. तो चित्र वरून टाकीत नाही, फितीतच जोडतो. त्या क्षणी पडद्यावर दुसरे काही नसते. सेकंदाचा २४वा भाग म्हणजे ४२ मिलिसेकंद, आणि डोळ्याच्या दृष्टीने हा काळ चांगला लांब आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत मेरी पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. लागोपाठ झरझर चित्रे दाखवली, तर प्रत्येक चित्र अवघे १३ मिलिसेकंद राहूनही, सांगितलेले चित्र त्यांत होते की नव्हते हे लोकांना केवळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगता आले. मग ४२ मिलिसेकंदांचा थंडगार ग्लास सभागृहातल्या एकालाही जाणवू नये? मागून येणारे चित्र आधीच्या चित्राची जाणीव बरीचशी पुसून टाकते हे खरे. तरी ‘काहीतरी चमकले’ एवढे कोणीतरी म्हणालेच असते. (चित्रपट हलता दिसतो तो केवळ दृष्टिसातत्यामुळे, असे आपण पूर्वी शिकवीत असू. तेही अपुरेच आहे. दोन स्थिर चित्रांमधली हालचाल मेंदू स्वतः भरून काढतो, हे माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्येच दाखवले होते. पण तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

खारवलेल्या अंड्यांचे काय?

येथवर आल्यावर मला वाटले, प्रकरण मिटले. त्या मुलीला सांगायला मी अगदी उत्सुक होतो. पण शोधताना आणखी एक निबंध हाती आला आणि माझा उत्साह थोडा आवरावा लागला.

२००६ साली नेदरलँड्समध्ये योहान कारेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हाच विषय नीट तपासला. संगणकाच्या पडद्यावर एका थंड पेयाचे नाव २३ मिलिसेकंद दाखवले आणि लगेच दुसऱ्या अक्षरांनी झाकून टाकले. दुसऱ्या गटाला त्या जागी भलताच शब्द दाखवला. म्हणजे तुलनेची सोय केली. नंतर विचारले, दोन पेयांपैकी कोणते घ्याल? ज्यांना मुळीच तहान नव्हती त्यांच्यात फरक पडला नाही. ज्यांना तहान लागलेली होती, त्यांच्यात ते पेय निवडण्याचे प्रमाण वाढले. आणि गंमत अशी, की एका प्रयोगात तहान लागावी म्हणून लोकांना आधी खारट पदार्थ खायला दिला होता!

केपेलची खारवलेली अंडी आठवली ना? कॅनेलला हे ठाऊक असणे शक्य नव्हते, तरी तेवढा तपशील त्याच्या बाजूने पडला. मात्र दोन पेयांतले एक निवडताना पारडे किंचित झुकणे वेगळे आणि धट्टाकट्टा माणूस खुर्चीतून उठून, चालू खेळ सोडून, नेमक्या मिनिटाला नेमक्या जागी पाणी प्यायला जाणे वेगळे. त्या माणसाला पाण्यापर्यंत नेले असेल तर ते मिठाने. नंतरच्या संशोधकांनी हे प्रयोग पुन्हा केले, त्यांतही परिणाम दिसला तो क्षीण आणि अटींनी बांधलेला. दिव्यात लपवलेली वस्तू काढायला खुन्याला धावत पाठवण्याइतके बळ या तंत्रात असल्याचे कोणी दाखवलेले नाही.

हे सगळे मी पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितले. आधीची गोष्ट चुकीची होती असेही सांगितले. ती मुलगी ऐकत होती. तास संपल्यावर ती पुन्हा दारातून परत आली. “सर, त्या खारट पदार्थवाल्यांनी ते पेय आधी कधी प्यायलेले होते का?”

यावेळी मी वहीत लिहून घेतले.

तुम्हाला करून पाहायचे असेल, तर दोन प्रयोग सुचवतो. पहिला मोबाइलवरचा. व्हिडिओ जोडण्याच्या साध्या ॲपमध्ये एक मिनिटाची चित्रफीत घ्या. तिच्यात सेकंदाला बहुधा ३० चित्रे असतात. मध्यभागी एकच चित्र बदलून तेथे लिंबाचे चित्र घाला. न बदललेली प्रतही ठेवा. कोणाला कोणती दाखवायची हे नाणे उडवून ठरवा, आणि दाखवल्यानंतर दोन्ही गटांना एकाच शब्दांत विचारा, “काही वेगळे दिसले का?” लिंबाचे नाव आधी चुकूनही काढू नका. न बदललेल्या फितीत किती जणांना ‘काहीतरी’ दिसले, ते मुद्दाम मोजा. आकडे मासिकाच्या पत्त्यावर अवश्य पाठवा.

दुसरा बुगेचा. काठीऐवजी पेन्सिल चालेल, पडद्याऐवजी भिंतीला चिकटवलेला पांढरा कागद. जवळची मेणबत्ती कागदापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली, तर दूरचीला सुमारे अडीच मीटर जागा लागेल, तेव्हा लांबट खोली निवडा. दोन्ही मेणबत्त्या एकाच जाडीच्या घ्या. सावली नाहीशी झालीसे वाटले, की पेन्सिल हळूच हलवून पाहा. हलती सावली पुन्हा दिसू लागते, असे का, ते वहीत लिहा. मोठे कोणीतरी जवळ असू द्या आणि खोलीतला पंखा बंद ठेवा, नाहीतर ज्योती हलतील आणि सगळे माप चुकेल.